गमत नाही म्हणजे काय

संग्रामपूरजवळच्या त्या वीस खाटांच्या दवाखान्यात मी तेरा आठवड्यांच्या करारावर गेले, तेव्हा ते माझं पाचवं गाव होतं. मी मूळची सांगलीची. जिथे नर्स कमी पडतात तिथे एजन्सी मला पाठवते. बॅग उचलायची आणि निघायचं. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी मी तीन गोष्टी वहीत टिपून घेते: ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे टांगलेली असते, औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते आणि गरज पडली तर रक्त कुठून आणायचं. एवढं कळलं की कुठल्याही दवाखान्यात उभं राहता येतं, असा माझा समज होता.

पाचव्या दिवशी, शनिवारी, सकाळच्या फेरीत जनकाबाईंच्या खाटेपाशी आले. सोनाळ्याच्या, वय बहात्तर. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं म्हणून दाखल झाल्या होत्या. आता सलाइन निघालं होतं, रक्तदाब ठीक होता आणि संध्याकाळी घरी सोडायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नातीचं, मंजुश्रीचं, लग्न होतं. त्या लग्नापायी बाईंनी चार दिवस कुरकुर न करता सगळी औषधं घेतली होती.

"कसं वाटतंय, आजी?"

"मले काही गमूनच नाही राह्यलं, बाई."

"काय गमत नाही?"

"काहीच नाही. कालपासून."

गमणे हा शब्द मला शाळेतल्या कवितांत भेटला होता. वाटणे, कळणे. म्हणजे कालपासून यांना काही कळेनासं झालं होतं. म्हातारं माणूस, जुलाब आणि अचानक संभ्रम: रक्तातलं सोडियम घसरलं तर सुरुवात अशीच होते. मी आवाज शांत ठेवला.

"आज वार कोणता, आजी?"

"इथं कायचा वार न् कायची तारीख! सारे दिवस सारखेच."

मी केसपेपरवर लिहिलं: रुग्णास कालपासून काही समजत नाही, वार सांगता येत नाही. रक्त तपासणीला दिलं आणि बाहेरगावी गेलेल्या डॉक्टरांना फोनवर हेच वाचून दाखवलं.

"या वयात थांबायला नको," ते म्हणाले. "बुलढाण्याला पाठवा. डोक्याचा स्कॅन करून घेऊ."

बुलढाणा म्हणजे काही तासांचा रस्ता, स्कॅन आणि निदान दोन दिवसांचा मुक्काम. जनकाबाईंचा मुलगा पंजाबराव आईसाठी नवी पांढरी साडी घेऊन आला होता. ऐकून तो पिशवीसकट बाकावर बसला.

"मंजूले काय सांगू, सिस्टर? ते म्हणते, आजी नसन तं मी हारच घालत नाही."

तेवढ्यात रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर तुळशीराम स्ट्रेचर घेऊन आला. जनकाबाईंनी खाटेचा दांडा घट्ट धरला.

"म्या कायले जाऊ बुलढाण्याले? काय झालं मले?"

दवाखान्यातल्या मावशी, तानाबाई, फरशी पुसत होत्या. त्यांनीही विचारलं, "हाव ना, काय झालं आजीले?"

"त्यांना काही गमत नाही," मी म्हणाले.

तानाबाई फडकं टाकून खालीच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अवो सिस्टर, गमत नाही म्हणजे करमत नाही! म्हातारी कटाळली, दुसरं काय!"

"मंग!" जनकाबाई म्हणाल्या. "बोलाले कोणी नाही. बाजूची बाई दिवसभर झोपूनच राह्यते."

माझे कान तापले. पण मावशींचं हसणं म्हणजे तपासणी नव्हे. स्ट्रेचर थांबवून मी जनकाबाईंना विचारलं, उद्या लग्नाला कोण कोण येणार? त्यांनी पाहुण्यांची गाववार यादी सांगितली. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही तेही सांगितलं. मी मुद्दाम एक नाव चुकवलं, तर मला दटावलं. तासाभराने रिपोर्ट आला. सोडियम उत्तम.

मी डॉक्टरांना फोन करून माझी चूक सांगितली. पलीकडून मोठं हसू. डॉक्टर याच जिल्ह्यातले, मेहकरचे.

"सिस्टर, आजीचेच शब्द वाचले असते तर मी इथूनच सांगितलं असतं. सोडा त्यांना घरी."

रुग्णाची तक्रार रुग्णाच्या शब्दांत लिहावी, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी माझं भाषांतर लिहिलं होतं. त्या संध्याकाळी वहीत त्या तीन गोष्टींच्या वर एक ओळ घातली: तिथली माणसं कशाला काय म्हणतात.

"उद्या लग्नाले याचंच," जाताना जनकाबाईंनी बजावलं. "नाही आली तं मी परत इथंच येऊन झोपीन."

दुपार मोकळी मिळावी म्हणून मी त्याच रात्रीची पाळी मागून घेतली आणि सकाळी जेमतेम दोन तास झोपून सोनाळ्याला पोहोचले. मांडवात बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, टाळ्या वाजल्या. नव्या साडीतल्या जनकाबाई पहिल्या खुर्चीवर होत्या. मला पाहताच ओरडल्या, "हेच ते! हिनंच मले येडी ठरवलं होतं!"

अख्खी रांग वळली. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "आजी, पाणी पिताय ना?"

"पाण्याचं सोड. तू सांग, आज वार कोणता?"

"शनिवार," मी म्हणाले.

मंजुश्री तोंडावर हार धरून हसली. जनकाबाईंनी टाळी वाजवली.

"ऐतवार हाय! पंजाब, गाडी बोलाव. हिलेच न्या बुलढाण्याले!"