वाकडी वाघर

बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरून तात्याबा चालतच निघाला. उमेदीत याच वाटेनं त्यानं मेंढरं हाकली होती. तेव्हा चार पावलांत गाव संपायचं, आता संपायचं नावच घेत नव्हतं. आधी खाली दुकान नि वर बिऱ्हाड अशी खेटून उभी घरं. मग दवाखाने, कुंपणाआडचे बंगले. पुढं खताची गोदामं, ट्रॅक्टरचं दुकान. आणि एवढं सगळं ओलांडल्यावर उसाच्या फडाशेजारी रोवलेले प्लॉटचे पांढरे दगड. त्यातल्याच एका प्लॉटवर आज त्याच्या मुलाच्या, दादासाहेबाच्या घराचा पाया खणायचा होता. तो थांबवायला तात्याबा वरकुट्याहून आला होता, कारण त्या जमिनीत त्याची लेक होती.

पूर्वी हे दत्तोबाचं रान. खतासाठी दत्तोबा दरसाल तात्याबाची मेंढरं रानात बसवून घ्यायचा. मेखा ठोकून भोवती वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण, नि आत कळप बसवायचा. अशाच एका मुक्कामी दोन वर्षांची म्हाळसा तापानं गेली. तिची आई गोजरबाई त्याच तापात बेशुद्ध पडलेली. बांधावरच्या मुरमात पहार शिरेना, म्हणून तात्याबानं लेकीला भर रानात, विहीर आणि कडुलिंबाच्या रेषेत खोल पुरलं. दगड मात्र बांधावर रचले. रानात पुरल्याचं कळलं असतं तर दत्तोबानं पुन्हा मुक्काम दिला नसता. शुद्धीवर आलेल्या गोजरबाईला त्यानं तेच दगड दाखवले. पुढं दरसाल ती त्या रिकाम्या दगडांना नैवेद्य ठेवी आणि तात्याबा मान खाली घालून उभा राही.

कळप विकला, दादासाहेब एमआयडीसीत कामाला लागला, रानाचे प्लॉट पडले. दोनच प्लॉट उरले होते. दादासाहेबाला रस्त्यालगतचा हवा होता, पण गोजरबाई आतल्या प्लॉटवर फतकल मारून बसली ती उठेचना. तात्याबानं विहीर पाहिली, कडुलिंब पाहिला. म्हाळसा नेमकी याच प्लॉटात होती. इथं ओल येते, भिंती तडकतील, असं त्यानं नाना परीनं सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून दिवेलागणीला त्याच्या घोंगड्याचं टोक मागून ओढलं जाऊ लागलं. खाली, गुडघ्याच्या उंचीवर. चालताना म्हाळसा तिथंच धरायची. मागं वळून बघायची त्याची छाती होत नव्हती.

आज भर उन्हात, चालता चालता ते टोक पुन्हा ओढलं गेलं. तो तसाच प्लॉटवर पोचला. गवंडी रावजी आखणीच्या चुन्याचं, फक्कीचं घमेलं घेऊन कुरकुरत होता. म्हातारीनं नकाशाचा पार विचका केला, असलं वाकडं घर आपण जन्मात बांधलं नाही, असं त्याचं चाललं होतं. फक्कीची पांढरी रेघ सरळ येऊन विहिरीच्या अंगाला एकदम आत वळली होती आणि थोडी जागा बाहेर सोडून पुन्हा सरळ गेली होती.

तात्याबानं ते वळण ओळखलं. म्हाळसेवर खुरं पडू नयेत म्हणून वाघर लावताना तो दर मुक्कामी नेमकं असंच वळण द्यायचा.

आधीच लेकाकडं आलेली गोजरबाई रेघेशी उभी होती. तीच आधी बोलली.

"भित वाकडी झाली तर हू द्या. तुमी वाघर वाकवत हुता, तवाच मला कळलं हुतं पोर कुठं हाय त्ये."

"मग दगडाला निवद कशापायी ठेवत हुतीस?"

"तुमी त्ये माझ्यासाठी रचलं हुतं. मी तुमच्यासाठी ठेवत हुते."

तात्याबाला रडू आवरेना. गोजरबाई मात्र त्याच्याकडं बघत नव्हती. ती त्याच्या मागं, खाली, त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर बघत होती.

"सोड गं आता घोंगडं," ती म्हणाली. "घर आलं."