पहिल्या पावाचा घास

भट्टीतून निघालेला पहिला पाव त्या घरात कधीच विकला गेला नव्हता. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा तो नियम होता. पाव वाफाळत असतानाच मालकीणबाईंनी तो हातांनी मोडायचा, घरातल्या प्रत्येकाच्या हातावर एक तुकडा ठेवायचा आणि मगच दुकान उघडायचं. नवरा गेल्यावर भट्टी मुलाने सांभाळायला घेतली, पण पाव मोडायचा मान मालकीणबाईंकडेच राहिला. लग्न होऊन सून आली, तेव्हा तिच्याही हातावर त्यांनी असाच गरम तुकडा ठेवला होता आणि आता तू आमची झालीस, असं म्हटलं होतं. तुकडा घेतला की माणूस घरचं, असा तो साधा हिशेब होता.

त्या दिवशीही पाव मोडला गेला. मुलाने आपला तुकडा उभ्याउभ्याच तोंडात टाकला, सुनेने घेतला, आणि पाच वर्षांची चिमटी हात पुढे करून आजीसमोर उभी राहिली. नातीचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त होतं, पण अंगाने ती इतकी लहान की सगळ्या घराने तिला चिमटी करून टाकलं होतं. सुनेने तिचा हात हळूच खाली केला.

"तिला नको, आई. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय, माहीत आहे ना?"

माहीत होतं. ऐकून ऐकून मालकीणबाईंचे कान किटले होते. पोरीचं पोट सारखं फुगायचं, जुलाब थांबायचे नाहीत, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. म्हणून रक्त तपासलं, नळी घालून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सीलिअ‍ॅक नावाचा आजार निघाला. गव्हाने या मुलीच्या आतड्याचं अस्तर झिजतंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. गहू, मैदा, रवा, सगळं कायमचं बंद. थोडंसं चालेल का, असं विचारूसुद्धा नका. यावर औषध नाही, पथ्य हेच औषध.

बेकरीच्या घरात यायला दुसरा आजार मिळाला नाही का, असं मालकीणबाईंना वाटलं. मुलाला तर तो अपमानच वाटला. बाहेर अवाक्षर काढायचं नाही, त्याने बायकोला बजावलं. बेकरीवाल्याच्याच पोरीला पाव बाधतो म्हटल्यावर गिऱ्हाईक काय समजेल? आणि उद्या हिच्या लग्नाचं बघायची वेळ आली म्हणजे? शिवाय असलं खूळ आमच्या घराण्यात कधी नव्हतं, हे तुझ्या माहेराहून आलेलं, हेही तो सुनावायला विसरला नाही. मग दुकानात कुणी विचारलं की चिमटीला जंत झालेत, असं सांगायचं ठरलं. घराची अब्रू राहावी म्हणून आजाराला खोटं नाव देणारी अशी किती घरं असतील, कोण जाणे. जंताच्या औषधाची नावं सांगणारे मात्र रोज भेटायला लागले.

सून मात्र पदवी परीक्षेला बसल्यासारखी पथ्याला भिडली. माडीवरच्या खोलीत तिने एक कपाट रिकामं केलं. चिमटीचं पातेलं वेगळं, चमचा वेगळा, भाजी कापायची फळी वेगळी. भात, बटाटे, अंडी, डाळी आणि मक्याचं पीठ, सगळं झाकणाच्या डब्यांत. भट्टीकडून वर आली की कोपरापर्यंत हात धुवायचे, कपडे बदलायचे, मगच पोरीचं ताट वाढायचं. मालकीणबाई खालून बघायच्या आणि मनात धुमसायच्या. आपण काय विषाचा कारखाना चालवतो? ज्या पावावर तिचा बाप वाढला, तिचा आजोबा वाढला, तो पाव तिला बाधेल? बाधत असेल तर तो बाजारातला, यंत्रातून निघालेला, कसलीकसली पावडर घातलेला. घरचं आंबवण, घरची भट्टी, हाताने मळलेली कणीक, यात बाधण्यासारखं आहेच काय?

आणि पहिल्या पावाचा घास म्हणजे काही पाव खाणं नव्हे. तो तर आशीर्वाद.

या एका समजुतीने घात केला. दुकान उघडलं, सून गल्ल्यावर बसली की मालकीणबाई चिमटीला खुणेने मागच्या पिठाच्या खोलीत बोलवायच्या. अ‍ॅप्रनच्या खिशात आपल्या वाट्याचा तुकडा जपून ठेवलेला असायचा. तो वाटीत दुधात कुस्करायचा, वर साखर भुरभुरायची आणि पोत्यांच्या आडोशाला नातीला बोटांनी भरवायचा. भूक तर चिमटीला सदाचीच. ती वाटी चाटूनपुसून साफ करायची.

"आईला सांगायचं नाही हं," मालकीणबाई तिचं तोंड पुसत म्हणायच्या. "हे आपलं दोघींचं गुपित."

चिमटी मोठ्या माणसासारखी मान हलवायची. त्या वेळी मालकीणबाईंना तिच्यात हटकून थोरली दिसायची. थोरली म्हणजे त्यांचं पहिलं मूल, मुलाच्याही आधीचं. शाळेत जायच्या वयाआधीच ती गेली. दृष्ट लागली म्हणाले, आतड्याची कमजोरी म्हणाले. तिलाही मालकीणबाई अशाच भरवायच्या. दुसरं काही पोटात ठरत नसे, पण दुधात कुस्करलेल्या पावाला तिने शेवटपर्यंत नाही म्हटलं नव्हतं. तेवढं एक समाधान त्यांनी आजवर उराशी धरून ठेवलं होतं.

थोरलीचा एक निळा फ्रॉक त्यांनी पेटीत जपून ठेवला होता. एके दिवशी चिमटीचे कपडे वाळले नव्हते, म्हणून त्यांनी तो काढला आणि तिच्या अंगावर चढवला. बेतून शिवल्यासारखा बसला. फक्त पोटावरचं बटण लागेना. मालकीणबाई हरखल्या आणि नातीला मिरवत सुनेकडे घेऊन गेल्या.

सुनेने फ्रॉकवरून हात फिरवला. "हा शिवला तेव्हा वन्सं केवढ्या होत्या?"

"असेल तीन वर्षांची."

सुनेने लेकीचं मनगट आपल्या बोटांच्या कडीत धरून पाहिलं, मग फुगलेल्या पोटावरून ते लागत नसलेलं बटण दोनदा ओढून पाहिलं. या सुनेला एवढ्यातेवढ्याने रडू कसं येतं, असं मालकीणबाईंना वाटलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला आणि सुनेकडे रोखून पाहिलं. पथ्य नीट चाललंय म्हणता, मग रक्तात फरक का दिसत नाही? उलट दोष वाढलाय. गहू कुठून तरी पोटात जातोय, शोधून काढा. सुनेने घरी येऊन कपाट उलथंपालथं केलं. डब्यांची झाकणं हुंगली, मसाल्याची पाकिटं फेकून दिली, पिठाची धूळ येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या. मुलाचा मात्र निकाल झालेला होता.

"तू उपाशी मारते आहेस तिला," तो जेवणाच्या टेबलावर बायकोला म्हणाला. "पथ्याच्या नावाखाली हाडांचा सापळा केलास पोरीचा. उद्यापासून ती आईच्या हातचं खाईल. आम्ही खातो तेच."

मालकीणबाई ताट वाढत होत्या. त्यांचा हात आपोआप अ‍ॅप्रनच्या खिशाकडे गेला. सकाळच्या तुकड्याचा चुरा अजून तिथे होता.

"नाही," सून म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्तच लागला. "तिचं ताट मी कुणाच्या हातात देणार नाही. तुमच्या नाही, आईंच्याही नाही. तुम्हाला ते मान्य नसेल तर मी तिला घेऊन या घरातून जाते. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण माझी पोर जगली पाहिजे."

आजवर त्या टेबलावर असं कुणी बोललं नव्हतं. मुलाने ताट ढकललं आणि तो उठून गेला. बोलायची वेळ मालकीणबाईंची होती. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. पण घासभर पावाने रक्त कसं बिघडेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्यांनी खिसा बाहेरच्या बाहेर झटकला. दुसऱ्या दिवशी मात्र चिमटी आपणहून पिठाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, आणि त्यांच्याने नाही म्हणवलं नाही.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. जुलाब सुरू झाले ते थांबेनात. ओकाऱ्या झाल्या, डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. मान धरवेना, तेव्हा मुलानेच तिला पिठाच्या हातांनी उचललं आणि डिलिव्हरीच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. अंगातलं पाणी आणि क्षार पार गेलेत, हृदयावर ताण आलाय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. शरीर आता काही शोषूनच घेत नाहीये. इतक्या उशिरा आणाल तर एखाद्या वेळी आमच्याही हातात काही राहणार नाही. मग त्यांनी कॉटशेजारी उभ्या असलेल्या तिघांना शांतपणे, शाळेत शिकवावं तसं समजावलं, की हा आजार ओळखला गेला नाही तर मूल कसं होत जातं. पोट फुगतं आणि हातपाय काड्या होतात. केस विरळ होतात. मूल हसायचं सोडतं, सारखं किरकिरत राहतं. उंची खुंटते. बसल्या जागी मांडीवर डोकं टेकून पडून राहतं.

"तुम्ही कुणाचं सांगताय हे?" मालकीणबाईंनी मध्येच विचारलं.

डॉक्टरीणबाईंना प्रश्न कळला नाही. तुमच्या नातीचं, त्या म्हणाल्या. घराण्यात आणखी कुणी होतं का असं? हा आजार घराण्यातून येऊ शकतो.

मुलाने आईकडे पाहिलं. त्याने आपली बहीण कधी पाहिली नव्हती. मालकीणबाईंनी कॉटचा गज घट्ट धरला. मांडीवर डोकं टेकून पडलेली थोरली आणि वाटी चाटणारी थोरली, दोन्ही एकाच वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या.

तेवढ्यात चिमटीने डोळे उघडले. हाताला सलाईन लावलेलं, ओठ फुटलेले. सगळ्यांकडे पाहून तिने आजीला ओळखलं आणि तिला हसू आलं.

"आजी," ती अगदी हळू म्हणाली, "मी कुणालाच सांगितलं नाही."

सुनेने आधी लेकीकडे, मग सासूकडे पाहिलं.

"रोज?" तिने विचारलं.

मालकीणबाईंनी होय अशी मान हलवली. बायकोला उपाशी मारतेस म्हणणारा मुलगा भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. सून ओरडली असती, हात उगारला असता, तर मालकीणबाईंना ते सोसलं असतं. तिने फक्त कॉटशेजारची खुर्ची सासूच्या आणि लेकीच्या मधे ओढली आणि ती तिथे बसून राहिली.

चिमटी वाचली. घरी आली ती माडीवरच्या खोलीत. तिथे जायची मालकीणबाईंना महिनोन्‌महिने मुभा नव्हती, आणि त्यांनी ती मागितलीही नाही. पहिला पाव आता कुणी मोडत नाही. भट्टीतून निघाला की तोही इतर पावांबरोबर फळीवर जातो. मुलाने स्वतःचं रक्त तपासून घेतलं. दोष त्याच्या घराण्याकडून आला होता. हे त्याने बायकोला सांगितलं तेव्हा तिने फक्त ऐकून घेतलं.

जंत झालेत, हे उत्तर मात्र दुकानात अजून चालूच होतं. मग एका गर्दीच्या सकाळी एक बाई आपल्या मुलाला कडेवर घेऊन पाव घ्यायला आली. दुकानात आलेल्या मुलाच्या हातावर एक छोटा गोड पाव ठेवायचा, ही मालकीणबाईंची जुनी सवय. त्यांनी पाव उचलला, हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. मुलाचे पाय आईच्या कमरेखाली काड्यांसारखे लोंबत होते. सदरा पोटावर ताणलेला. त्याने डोकं आईच्या खांद्यावर टाकलं होतं आणि पाव बघूनसुद्धा ते उचललं नव्हतं.

"तीन वर्षांचा का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"पाच पूर्ण झाली," ती बाई ओशाळून म्हणाली. "अंगीच लागत नाही हो काही. जंत असतील."

रांगेतली माणसं ऐकत होती. भट्टीच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाने आईकडे पाहिलं आणि नको, अशी मान हलवली. मालकीणबाईंना ती दिसली. त्यांनी गोड पाव परत टोपलीत ठेवला.

"जंत नसतील," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आमच्या नातीलाही जंत नव्हते. आम्ही खोटं सांगत होतो. बाई, पावाचं नंतर बघू. आधी याला दवाखान्यात ने, आणि गव्हाने होणाऱ्या आजाराची तपासणी करा म्हणून सांग. तपासणी होईपर्यंत त्याचं खाणं बदलू नकोस, मला डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलंय. पण निदान झालं की मग याच्या पथ्यात कुणालाही हात घालू देऊ नकोस. घरातल्या सगळ्यात मायाळू माणसालासुद्धा नाही."

ती बाई गोंधळून उभी राहिली. तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं.

"माझ्या हाताने एक गेली आहे," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि दुसरी जात होती."