रमाबाईंच्या मोरीवरचा नेचा

मला फूल येत नाही, फळ येत नाही, म्हणून माझी कुणी चौकशी करत नाही. तरी आज मी बोलणार आहे. गिरगावातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, मोरीच्या कठड्यावर बसलेला नेचा मी.

मला आणलं सुमतीनं. लग्न होऊन ती कोकणातून या घरात आली. माहेरी विहिरीच्या दगडांतून नेचे उगवायचे, त्यांची तिला फार आठवण यायची. सासूबाई, म्हणजे रमाबाई, केराच्या बाबतीत भारी कडक. दिवेलागणीनंतर घरात झाडू फिरवायचा नाही, लक्ष्मी जाते. मग संध्याकाळी पडलेला पाचोळा सकाळपर्यंत पायाखाली येणार. त्यांनी बजावलं, "आण हो. पण एक पान जरी माझ्या केरात दिसलं, तर कुंडी जिन्यात."

सुमती रोपवाल्याकडे गेली, पदर पसरला आणि एकेक कुंडी त्यावर धरून हलवून पाहिली. झालरीसारख्या नाजूक पानांचे माझे देखणे भाऊबंद पदरभर चुरा सांडून मोकळे झाले. माझी पानं रुंद, जाड, अखंड. माझ्यातून काही म्हणजे काही पडलं नाही. "हाच द्या," ती म्हणाली. त्या दिवसाइतका मी पुन्हा कधी फुगलो नाही.

घरी तिनं मला उन्हापासून लांब, बंबाच्या वाफेजवळ ठेवलं. पाणी कडेकडेनं घालायची, मधल्या कोंबात कधीच नाही. पान पिवळं पडू लागलं, की गळायच्या आत कात्रीनं बुडाशी कापायची. रमाबाई रोज सकाळी केरात शोधायच्या, पण माझं पान काही त्यांना सापडलं नाही.

मग छप्पन्न साल उजाडलं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, याशिवाय चाळीत दुसरं बोलणं नव्हतं. एका दुपारी सुमती बायकांच्या तुकडीबरोबर सत्याग्रहाला गेली आणि तिथून थेट तुरुंगात. निघताना म्हणाली होती, "आई, एवढं नेच्याकडे बघा हं."

रमाबाईंनी बघितलं, आणि कसं! तुळशीला घालावं तसं रोज तांब्याभर पाणी थेट माझ्या डोक्यावर. त्यात एकदा त्यांना माझ्या पानामागे तपकिरी रेघा दिसल्या.

"अरे अच्युत, कीड लागली रे हिच्या झाडाला! आता ती आल्यावर काय सांगू मी?"

"आई, झाडच आहे ते," मुलगा म्हणाला.

"तुला झाड. त्या पोरीचं माहेर आहे ते!"

ओला फडका घेऊन बसल्या. पान न् पान पुसलं, फडका मोरीत पिळला. ती कीड नव्हती हो. आम्हा नेच्यांचं बियाणं तिथेच असतं. माझी लेकरंच पुसून काढत होत्या बिचाऱ्या.

शेवटी बुडाशी कुजलेलं एक पान दिवेलागणीला गळलंच. सकाळी रमाबाईंनी केर काढला, पण ते पान केरात गेलं नाही.

सुमती सुटून आली, तेव्हा त्यांनी ते फडताळातून काढून तिच्यापुढे ठेवलं. "माझ्या हातून गळलं गं एक."

तुरुंग बघून आलेल्या सुनेला आता थोडं बोलता येत होतं. "मग आई, जिन्यात कुणाला ठेवायचं? याला, की तुम्हाला?"

दोघी हसता हसता रडल्या.

काही महिन्यांनी मोरीच्या ओल्या भिंतीत, जिथे तो फडका पिळला होता तिथे, नखाएवढं हिरवं पान वर आलं. माझंच लेकरू! मोरी घासता घासता रमाबाईंचा हात थांबला. त्यानंतर त्या कोपऱ्याला त्यांनी काथ्या लावला नाही, कुणाला लावूही दिला नाही.

राज्य झालेलं पाहून, पुढे पुष्कळ वर्षांनी त्या गेल्या. सुमतीचेही हात आता थरथरतात, तरी पाणी कडेनंच घालते. घरातली नवी माणसं मोरीला टाईल्स बसवायच्या म्हणतात. बसवा, खुशाल बसवा. माझी कुंडी जिन्यात ठेवलीत तरी चालेल. रमाबाईंनी न घासलेला तो कोपरा तेवढा सोडा.