कलिंब्याची उतरलेली पट्टी

"रोज वाजतोय म्हणजे सुरात आहे असं समजू नका. आठवड्यातून एकदा तपासत जा," मला खोक्यात ठेवताना दुकानदार बाईंनी बजावलं होतं. मला विकत घेणारीने मान हलवली, पण तिचं सगळं लक्ष कडेवरच्या छकुलीच्या सरकलेल्या टोपीकडे होतं. मीही ते मनावर घेतलं नाही. मी तर नवा कोरा होतो.

मित्रांनो, मी एक जुना कलिंबा आहे, अंगठ्यांनी वाजवायचं छोटं वाद्य. चारच वर्षांचा, पण अंग दुखतं ते चाळीस वर्षांचा असल्यासारखं. दोन तळहातांत मावेल एवढी माझी पोकळ लाकडी पेटी आहे. तिच्यात एक गोल छिद्र आणि वर धातूच्या सतरा पट्ट्या, मधली सगळ्यांत लांब. अंगठ्याने पट्टी दाबून सोडली की ती थरथरते आणि पाण्यात खडा पडावा तसा आवाज येतो.

तिने मला सहजासहजी निवडलं नाही. बाळाच्या तपासणीला गेली असताना नर्स म्हणाली होती, "बाळ छान आहे. आता तुम्हीही मन शांत होईल असं काहीतरी शोधा." हेसुद्धा तिने परीक्षेच्या अभ्यासासारखं केलं. पंधरा दिवस वाचून ती दुकानात आली आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. दहा पट्ट्यांचा घेऊ की सतरा? भरीव फळीचा की पोकळ पेटीचा? बाळाने तोंडात घातला तर रंग निघेल का? शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, आधी तुम्ही तरी हातात घ्या."

तिने घाबरतच माझी मधली पट्टी छेडली. किरकिरणारी छकुली गप्प झाली आणि डोळे मोठे करून बघू लागली. तेवढ्यावर माझी निवड पक्की झाली.

घरी तिचे सासरे होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, आणि अजूनही खिडकीजवळच्या टेबलावर भिंग लावून काहीबाही उघडून बसायचे. नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात. तिने माझ्या पट्ट्यांवर आकडे चिकटवले आणि आकडे वाचत वाजवायला शिकली. पहिल्या आठवड्यात दोन्ही अंगठ्यांना फोड आले. सासरे हसून म्हणाले, "इतकी वर्षं फोनवर अंगठे चालवलेत ते फुकट नाही गेले म्हणायचं."

ते दिवस चांगले होते. दुपारी बाळ झोपलं की ती मला घेऊन बसायची, आणि तिचे खांदे हळूहळू खाली यायचे. मला फार अभिमान वाटायचा. शेजारीण म्हणायची, किती गोड वाजवते. नवरा फोनवर ऐकायचा आणि म्हणायचा, "वा, मजेत आहेस की." आणि फोन ठेवायचा.

मला मात्र जवळून दिसत होतं. तिच्याकडे एक वही होती. बाळ किती वाजता दूध प्यायलं, किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, सगळं तिच्यात. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी ती सारखी बोट धरून बघायची. मग मला उचलायची आणि तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजवायची. नवं गाणं शिकणं कधी थांबलं ते तिलाही कळलं नाही. मी वाजत राहिलो. मला वाटायचं, मी आहे म्हणून ती बरी आहे.

एके दिवशी छकुलीने माझी एक पट्टी धरून ओढली. पट्टी सरकली आणि तिचा सूर उतरला. पट्ट्या सुरात आणायची माझी छोटी हातोडी खणातच होती. हलकेच दोन टोले दिले असते तर काम झालं असतं. पण छकुलीची आई मला तसंच वाजवत राहिली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस.

तिसऱ्या दुपारी सासरे भिंग कपाळावर सरकवून दारात आले.

"सूनबाई, ते जरा दे बघू."

"त्रास होतोय का, बाबा? थांबवते."

"त्रास कसला? एक पट्टी उतरली आहे. तीन दिवस झाले."

"कुठली?"

त्यांनी ती वाजवून दाखवली. तिने ऐकलं, पुन्हा ऐकलं. "मला तर सगळ्या सारख्याच वाटतायत."

"मागच्या महिन्यात स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय, हे तू इथे बसून ओळखलं होतंस." त्यांनी वही उचलली आणि पानं चाळली. "यात तुझी झोप कुठे लिहितेस?"

"माझी कशाला लिहायची?"

"सलग कधी झोपलीस शेवटची?"

ती बोटांवर मोजू लागली. मध्येच थांबली. "मी ठीक आहे हो. वाजवते ना रोज." आणि मग अगदी हळू म्हणाली, "काल छकुली हातातून सुटणार होती, बाबा. उभ्या उभ्या माझा डोळा लागला. कुणाला सांगितलं नाही."

सासऱ्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. "चूक माझी आहे. तुझं वाजवणं कानावर पडलं की मी निर्धास्त व्हायचो. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, टिकटिक ऐकून घड्याळ बरोबर आहे असं धरू नका. घरात मात्र तेच केलं."

त्यांनी बाळाला घेतलं आणि दार ओढलं. ती संध्याकाळपर्यंत झोपली. सासऱ्यांनी मुलाला फोन केला. "सुट्टी काढ आणि ये. आणि यापुढे वाजवणं ऐकून फोन ठेवत जाऊ नकोस." दुसऱ्या दिवशी ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. बरं व्हायला पुष्कळ महिने लागले. त्या महिन्यांत मी खणात पडून होतो, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आता छकुली मला बडवते. माझे आकडे पुसले गेलेत, लाकडाला चीर आहे. दर आठवड्याला आजोबा हातोडीने माझ्या पट्ट्या जागेवर आणतात आणि काम करता करता शीळ घालतात. घरात सगळे म्हणतात, आजोबा मजेत आहेत. छकुलीची आई मात्र हातातलं काम ठेवून त्यांच्या टेबलाशी जाऊन बसते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, पट्ट्या तपासा, एवढं तर मी मागेनच. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणीतरी रोज गात असेल, हसत असेल, "ठीक आहे" म्हणत असेल. आज त्यांच्याकडे जा. नीट झोपलात का, असं विचारा. आणि पहिलं उत्तर ऐकून लगेच उठू नका, थोडं बसा.