डाव्या कमरेच्या किल्ल्या

ओल्या मांजरपाटाचा वास आला की मला सोनाक्काच्या हातातली बादली दिसते. एक पाय पुढे, कंबर किंचित वळलेली, आणि पाण्याचा पातळ पंखा उभ्या पडद्यावर जाऊन चिकटलेला. त्या सपकाऱ्याबरोबर तिच्या हिरव्या बांगड्या वाजत, कापड काळवंडे, आणि त्याच ओल्या जागेतून हळूहळू एक राजवाडा उजळत वर येई.

निजामाचं राज्य होतं. मी सेलूच्या शाळेत चौथीत होते. त्यापुढे शिकले नाही. थंडीत, बाजारात कापूस यायला लागला की स्टेशनाजवळच्या मोकळ्या रानात सिनेमाचा तंबू पडे. तंबूच्या मधोमध पडदा टांगलेला असे. यंत्राच्या बाजूला पुरुष बसत, आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बायका. कोरड्या कापडातून उजेड नीट पार होत नाही, म्हणून आमच्या बाजूने पडदा सारखा भिजवावा लागे. मागून पाहिल्यामुळे आम्हाला सगळं चित्र उलटं दिसे, आणि ते उलटं आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सेलूच्या बायका कित्येक वर्षं असंच धरून चालल्या होत्या की राजेलोक डावखुरे असतात. माझी माय म्हणायची, "राजा असून डाव्या हातानं जेवायलाय मेला. घरात कुणी काई शिकिवलंच न्हाई."

सोनाक्काचं घरच्यांनी ठेवलेलं नाव सोपान. विशीच्या आत तिने ते नाव आणि धोतर एकाच दिवशी सोडलं. ती लुगडं नेसली आणि भावांनी तिला घराबाहेर काढलं. गाव तिला हिजडा म्हणे. तो शब्द मी झाकून लिहिणार नाही. तिला तो रोज ऐकावा लागत होता. जिनिंगमध्ये ती माझ्या मायबरोबर कापूस निवडायला असे. रुईचे तंतू तिच्या केसांत, भुवयांत, पापण्यांत अडकलेले असत, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती जिनिंगच्या दारातून बाहेर पडली की उजेडाने कडा आखलेल्या ढगासारखी दिसे. देखणी होती असं मी म्हणणार नाही. खांदे रुंद होते, आवाज घोगरा होता. पण चालायची अशी, की डोक्यावर भरलेली घागर आहे, आणि ती कुठेतरी, कुणालातरी नेऊन द्यायची आहे.

त्या वर्षी तंबूवाल्याने गावभर कागद वाटले. कागदावर राणीचं चित्र होतं, आणि राणीच्या मागे, दाराच्या सावलीत, किल्ल्यांचा जुडगा घेतलेलं एक माणूस उभं होतं. सोनाक्काने कागद माझ्यापुढे धरला. "वाच गं, हे कोण हाय?"

मी सगळी अक्षरं वाचली. त्या माणसाबद्दल एकही अक्षर नव्हतं.

माय कापसातून मान न काढता म्हणाली, "खोजा असंल. राणीच्या महालाचा राखणदार. ना बाई ना बुवा."

"आन् किल्ल्या त्याच्याकडं?"

"मग कुणाकडं? सगळ्या महालाच्या."

सोनाक्काने कागदाची घडी केली आणि चोळीत ठेवली. त्या दिवशी तिच्या हाताखालचा कापूस तसाच पडून राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कळलं होतं की आपल्यासारखं कुणीतरी पूर्वी होऊन गेलं आहे, तेही राजवाड्यात, आणि त्याच्या सांगण्याशिवाय दार उघडत नव्हतं. ते माणूस तिला पाहायचं होतं. एवढंच.

पहिल्या दिवशी दिवेलागणीला ती तिकीट घेऊन बायकांच्या दाराशी आली. तंबूवाला हैदराबादेकडचा होता. तो आडवा झाला. "जनाने में मरद नक्को. उधर जाव." ती पुरुषांच्या बाजूला गेली, आणि खोजा पडद्यावर येण्याआधीच बाहेर आली. चोळीची बाही फाटली होती. तिने ती दुसऱ्या हाताने धरली होती.

दुसऱ्या दिवशी माय तिला हाताला धरून घेऊन गेली आणि तंबूवाल्यापुढे उभी राहिली.

"तुमच्या पडद्यावर पाणी कोण मारायलंय?"

त्या वर्षी त्याला कुणी मिळालं नव्हतं. जनान्यात पुरुष चालत नव्हता, आणि सगळ्यांसमोर उभं राहून पाणी मारायला बाई तयार होत नव्हती.

"ही मारंल. फुकट मारंल. हो म्हना."

तो हो म्हणाला. त्याला ती बाई वाटली म्हणून नव्हे. त्याचं काम फुकटात होत होतं म्हणून.

आत वाणीणकाकू बसल्या होत्या. बाजारातल्या मोठ्या दुकानवाल्याच्या घरच्या. त्यांनी पदर आवरला. "मी न्हाई बसायची हिच्या शेजारी."

"बसू नका. ती बी बसायची न्हाई. तिला काम हाय," माय म्हणाली.

अशी ती आठवडाभर आमच्यात होती, पण उभी. तंबूच्या कनातीला टेकून, बादलीच्या कडीवर हात ठेवून. चित्रात खोजा दोनदाच येई. एकदा राणीसाठी दार उघडी, आणि शेवटाकडे एकदा, राणी गेल्यावर, तेच दार बंद करी. दोन्ही वेळा तो येण्याच्या जरा आधी सोनाक्का भरली बादली उचली. बाकी चित्र कुठे फिकट, कुठे डागाळलेलं. पण खोजा आला की पडदा निथळत असे आणि त्याचा चेहरा त्या सगळ्या राजेरजवाड्यांपेक्षा उजळ दिसे. पाण्याचे थेंब त्याच्या गालांवरून खाली ओघळत. किल्ल्या डाव्या कमरेला चमकत.

सोनाक्काने बाजारातून तीन जुन्या किल्ल्या आणल्या आणि डाव्या कमरेला अडकवल्या. तिच्या झोपडीला तट्ट्याचं दार होतं. कुलूप नव्हतंच.

खोजा पडद्यावर आला की पलीकडून, पुरुषांच्या बाजूने, हशा येई. मोठा, पोट धरून हसल्यासारखा. आमच्या बाजूला कुणी हसत नसे. पाणी निथळल्याचा आवाज तेवढा असे. एकदा मी तिला विचारलं, ते का हसतात.

"तिकडून दुसरंच काईतरी दिसत असंल," ती म्हणाली. "हा तर हसण्याजोगं काई करंना."

मला ते पटलं. कापडाला दोन बाजू असतात, तशी चित्रंही दोन असतील.

शेवटच्या खेळाला माझा पाय आखडला म्हणून मी मायच्या मांडीवर सरकले आणि सतरंजीवर जागा झाली. वाणीणकाकूंच्या लगतची. त्या सोनाक्काकडे न बघता म्हणाल्या, "बस की आता. आठ दिस झाले, माझ्या पदरावर पाणी सांडायलीस."

सोनाक्का बसली. गुडघे जवळ घेऊन, अंग चोरून, जागा कुणाची तरी उसनी घेतल्यासारखी. आणि बसली ती बसलीच. राणी गेली, तुताऱ्या वाजल्या, खोजाची वेळ आली, तरी ती उठली नाही. पडदा वाळला होता. दार पुसट झालं, दारातला माणूस धुरासारखा दिसू लागला. तेव्हा माय उठली. तिने बादली उचलून अख्खी पडद्यावर भिरकावली, आणि खोजा एकदम इतका लख्ख झाला की मागच्या पोरी ओरडल्या. पलीकडे हशा झाला. मी सोनाक्काकडे पाहिलं. तिचा हात डाव्या कमरेवर होता, आणि चेहऱ्यावर पडद्याचा ओला उजेड हलत होता.

दुसऱ्या दिवशी तंबू उकलला. बैलगाड्या स्टेशनाकडे निघाल्या. पुढचा मुक्काम पूर्णा. सगळ्यात मागच्या गाडीबरोबर बादली घेऊन सोनाक्का चालत होती. मी रडले. माय म्हणाली, "जाऊ दे तिला. कापडावर का हुईना, तिथं तिचं माणूस हाय." पुढे रझाकारांचे दिवस आले. तंबू पुन्हा कधी आला नाही, आणि सोनाक्काही नाही. कुणी शोधलं नाही. आम्हीही नाही.

म्हातारपणी वेळ मिळाला तेव्हा मी वाचनालयातून ऐतिहासिक कादंबऱ्या आणू लागले. चौथीची अक्षरओळख, ओळीवर बोट ठेवून वाचते. राण्यांचे दागिने पान पान चालतात. खोजा एका ओळीत येतो, निरोप सांगतो, मुजरा करतो, जातो. त्याचं नाव काय, त्याला कुणी टाकलं, तो जेवला का, हे लिहायचं कुणाला सुचलेलं दिसत नाही. तरी मी वाचते. एखाद्या पानावर सापडेल असं वाटतं.

मागच्या वर्षी एका दुपारी लेकाच्या घरी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. राणी आली तशी मी ओळखला. म्हणजे पुरुषांची बाजू मी सत्तर वर्षांनी पाहिली. तिकडे दुसरं काहीही नव्हतं. तोच खोजा, तेच दार, तीच सावकाश चाल. हसण्याजोगं त्याने काही केलं नाही. फक्त किल्ल्या उजव्या कमरेला होत्या, आणि त्यामुळे तो मला परका वाटला.

मग मी खुर्ची फिरवली. टीव्हीसमोर सुनेचं कपाट आहे, त्याला आरसा आहे. शेवटाचा प्रसंग मी त्या आरशात पाहिला. तो डाव्या कमरेच्या किल्ल्या घेऊन आला, त्याने दार ओढून घेतलं, आणि मी त्याला ओळखलं. पण चित्र कोरडं होतं. गालांवरून पाणी ओघळलं नाही. माणूस जातं तेव्हा त्याच्या आठवणीचं कापड मागे राहतं, आणि कुणी भिजवेल तेवढा वेळच त्यातून उजेड पार होतो. माय गेली, वाणीणकाकू गेल्या, आता एकटी मी आहे, आणि माझ्याने भरली बादली उचलवत नाही.