बेबीताईंचं नाव मी छापलं

मी ट्रेडल बोलतोय. पायाने पेडल मारून चालवायचं, ओतीव लोखंडाचं जुनं छापयंत्र. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या एका शेडमध्ये असतो. आवाज मोठा आहे माझा, त्याला इलाज नाही. गुपचूप बसणाऱ्यांचं आमचं खानदानच नाही.

आमच्या आधी ग्रंथ हाताने उतरवून काढायचे आणि ज्यांच्याकडे ते असायचे, ते कुलूप लावून बसायचे. कुणी वाचायचं आणि कुणी नाही, हेही तेच ठरवणार! आम्ही आलो आणि एकाच्या हजार प्रती निघायला लागल्या. मग काय, मोठमोठ्यांची झोप उडाली. आमच्यावर परवाने लादले, आम्हाला टाळं ठोकलं, आमची मोडतोड केली. खोटंनाटंही आम्ही पुष्कळ छापलं, नाही कशाला म्हणू? पण मजूर वाचायला लागले, बायका वाचायला लागल्या आणि वर तोंड करून प्रश्न विचारायला लागल्या, ते आमच्यामुळेच.

माझा जन्म इंग्लंडातला. जहाजातून इथे आलो. नाचाची तिकिटं, संपाची पत्रकं, इथल्या माओरी लोकांच्या सभांची आमंत्रणं, सगळं छापलं. मग कॉम्प्युटर आले आणि मालकाने माझ्यावर ताडपत्री टाकली. एकदा अवोन्डेल भागातला एक कॅफेवाला मला बघून गेला. म्हणे, याच्यावर कुंड्या छान दिसतील. कुंड्या! माझ्यावर! नशीब, शेजारच्या कारखान्यातल्या अनुप मेश्राम नावाच्या इंजिनियरने मला आधी उचललं. माझा गंज घासला, शाई लावायचे नवे रूळ बसवले.

पहिलं काम घरचंच निघालं. त्याच्या धाकट्या बहिणीचा, धम्मदीनाचा मंगल परिणय ठरला होता. पत्रिकेचा मजकूर वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटहून मोठ्या काकांनी, तात्यारावांनी पाठवला. अनुपने तो न बघताच ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, करायला दिला. शनिवारी सगळे शेडमध्ये जमले, तात्यारावही विमानाने आले. पेडलवर पाय ठेवला बेबीताईंनी, म्हणजे या दोघांच्या आईने.

पहिली पत्रिका निघाली. धम्मदीना इथेच वाढलेली, मराठी अडखळत वाचते. वडिलांचं नाव होतं, त्याआधी 'कालकथित', म्हणजे दिवंगत. खाली निमंत्रक म्हणून तात्याराव.

"आई, वेअर आर यू? तू कुठेच नाहीयेस."

तात्याराव खाकरले. "नवरा गेलेल्या बाईचं नाव निमंत्रकात घालत नाहीत, बाळा. रीत आहे. लोक नावं ठेवतात."

बेबीताईंनी पाय काढून घेतला. मी थांबलो.

"भाऊजी, हे गेले तेव्हा ही शाळेत होती. हिला मी एकटीने वाढवलं. आणि हिच्या लग्नाला लोकांना मी बोलवायचं नाही?"

"तसं नाही गं, बेबी. व्हॉट्सॲपवरच्या पत्रिकेत टाकू ना तुझं नाव."

"तिथलं केव्हाही काढता येतं. मला छापून पाहिजे. आणि रीत कसली सांगता? असल्या रीती सोडायलाच आपण धम्म घेतला ना?"

शाब्बास! मला हात असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

"मग माझं नाव काढून टाका," तात्याराव तडकले.

"काका, तुमचं राहणार. पण आईच्या खाली," अनुप म्हणाला. "मी नवा ब्लॉक करून आणतो."

तात्याराव पाय आपटत बाहेर गेले ते थेट विमानतळावरच.

पुढच्या शनिवारी नवा ब्लॉक बसला. 'निमंत्रक : बेबीताई मेश्राम.' खाली तात्याराव. बेबीताईंनी एकेक कागद स्वतः लावला. डोळ्यांना पदर लावायच्या आणि पुन्हा पेडल मारायच्या. मी असा दणाणून चाललो की शेडचे पत्रे थरथरले. एक माझ्याजवळ ठेवून बाकी सगळ्या पत्रिका त्याच दिवशी पोस्टात पडल्या.

तात्यारावांचा परवा फोन आला होता. म्हणाले, अजून वेळ आहे, बदलून पुन्हा छापून घ्या. तात्याराव, इकडे या आणि त्या नावावरून बोट फिरवा. कागदात रुतलंय ते. खोडरबर आणायचं असेल तर आणा, मीही बघतो.

आणि तुम्ही, हे वाचणारे! तुमच्याही घरात एखादी बाई असेल, जिने सगळं केलं आणि जिचं नाव एकाही पत्रिकेवर आलं नाही. तिला घेऊन या. दर शनिवारी शेड उघडी असते. येताना कुणाला विचारू नका.