मुरायला टांगलेली काठी

टेपबाईंच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पुन्हा काठी चढली होती. पिठाचा डबा बाजूला, साखर बाजूला, आणि काट्यापाशी नाक टेकवून बसलेले त्यांचे यजमान.

"उतरतंय अजून," ते म्हणाले. "आत पाणी आहे. वजन उतरायचं थांबलं की समजायचं, सुकली."

"इकडे माझा पारा चढतोय, तोही घाला काट्यावर," टेपबाई म्हणाल्या.

शिवणयंत्रावर असोत की बाजारात, मोजायची टेप कायम गळ्यात, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलेलं. आज कापड टाका, परवा कपडा घेऊन जा, अशी त्यांची ख्याती. आणि पदरी पडला हा माणूस! नोकरी होती तोवर बरा होता. निवृत्त झाला आणि गावाबाहेरच्या जंगलात शिरला. गल्लीच्या भाषेत रानकाका झाला. रोज सकाळी जायचं आणि खिसे भरून साली, बिया आणि मुंग्या घरी आणायच्या. सालीची दोरी वळायची, पण तिच्यावर कुणी कपडे वाळत घालायचे नाहीत, नुसतं कौतुक करायचं. घरात काडेपेटी असताना दोन लाकडं घासून विस्तव पाडायचा. विस्तव क्वचित, धूर भरपूर.

बरं, काठी होती टेपबाईंसाठीच. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा रानकाका म्हणाले होते, "विकतची कशाला? मी करतो की." मग पानगळीची वाट बघणं आलं. झाडातला रस खाली उतरल्याशिवाय तोडली तर म्हणे कीड लागते. पानं गळली तेव्हा त्यांनी टेपबाईंना अंगणात उभं केलं, मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं आणि एक सरळसोट फुटवा तोडून आणला. भेगा पडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना मेण लावलं आणि सालीसकट जिन्याखाली टांगला. तो तिथे मुरत राहिला. मधे दुसरी पानगळही येऊन गेली.

मधल्या काळात लेकीने दुकानातून धातूची काठी आणली. रानकाकांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि ठेवून दिली. त्यांचा पडलेला चेहरा बघून टेपबाईंनी ती कपाटामागे सरकवली आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडत राहिल्या.

त्यांना खरं तर एकच गोष्ट हवी होती. ओढ्याच्या वळणावर एक झाड होतं. ते बहरलं की खालचं पाणी दिसत नाही, असं रानकाका सांगायचे. रोज घरी येऊन त्याची खबर द्यायचे. आज कळ्या फुगल्या. आज पक्ष्यांनी आवाज बदलला. आज पहिलं फूल. "तू बघायलाच हवंस गं!" अहो, पण कशी बघणार? भिंतीला धरून ओढ्यापर्यंत जाता येतं का? गेल्या वर्षीचा बहर असाच हुकला. त्या झाडाचा टेपबाईंना हेवा वाटायचा. नवऱ्याची सगळी सकाळ त्यालाच मिळायची.

अखेर एकदाचं वजन थांबलं. मग रानकाकांनी टेपबाईंच्या किटलीच्या वाफेवर काठीचा किंचित बाक काढला, साल सोलली, मूठ कोरली, बरोब्बर मापाला कापून खाली तांब्याचं कडं बसवलं, तेल चोळलं.

"चल," ते म्हणाले. "अजून थोडी फुलं असतील."

टेपबाईंनी मूठ धरली आणि त्यांचा कोपर थेट वर गेला. खांदा कानाशी आला.

"मापात चूक नाही," रानकाका गोंधळले. "मी स्वतः घेतलंय."

"कधी?"

टेपबाईंनी गळ्यातली टेप काढून त्यांच्या हातात दिली. "घ्या परत."

त्यांनी मनगटापासून जमिनीपर्यंत टेप सोडली. आकडा पाहिला. पुन्हा सोडली. मग बायकोच्या पाठीकडे पाहिलं. यंत्रावर वाकून वाकून ती केव्हा इतकी गोल झाली होती, कोण जाणे.

"लाकूड तर लांबत नाही," ते पुटपुटले.

"लाकूड नाही, मी आखडले! अहो, आमच्या धंद्यात जुन्या मापावर कात्री चालवत नाहीत. माणूस काय जिन्याखाली टांगलेला असतो?" त्यांना चांगलं खडसावायचं होतं, पण शेवटी रडूच फुटलं.

रानकाकांनी करवत घेतली. खूण केली आणि कड्यासकट तळ उडवला.

"मेण नाही लावायचं?" टेपबाईंनी डोळे पुसत विचारलं. "भेग पडेल."

"पडू दे. चल तू."

थांबत थांबत ते वळणावर पोचले. झाड हिरवंगार झालं होतं. ओढ्यातल्या दगडांना चार तपकिरी पाकळ्या चिकटलेल्या, बाकी बहर वाहून गेलेला.

रानकाकांचे खांदे पडले. "पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षीचं नाव काढलंत तर ही काठी तुमच्याच पाठीत घालीन," टेपबाई कडाडल्या. "आत्ता जे आहे ते दाखवा."

पानांच्या आड हिरवी फळं धरली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. रानकाकांनी फांदी खाली ओढून धरली. टेपबाईंनी मान वर केली, पण त्यांना दिसेना. मग रानकाकांनी फांदी आणखी खाली ओढली.